जुनं पॉइंट बत्तीस, मागणी साडेचार लाख : ग्वाल्हेरच्या एका सौद्याचा लेखाजोखा

वस्तू अशी : स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीचं रिव्हॉल्वर, मॉडेल ३०-१, बोअर (नळीच्या भोकाचं माप) पॉइंट बत्तीस, सहा गोळ्यांचं, नळी तीन इंची. मालक ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, चिटणीसांच्या गोठ या वस्तीत राहणारे एक निवृत्त अधिकारी. ते वारले. मुलगा पुण्यात नोकरीला, आईही आता त्याच्याकडेच. त्याला हत्यारात रस नव्हता, आणि परवाना आपल्या नावावर करून घेण्याच्या खेपा मारण्यात तर मुळीच नव्हता. शस्त्र कायद्याच्या २१व्या कलमाप्रमाणे त्याने रिव्हॉल्वर परवानाधारक दुकानदाराकडे जमा केलं आणि तिथूनच विकायला काढलं. मागणी साडेचार लाख.

घेणारे आमचे दाजी. झाशी रोडला पेट्रोल पंप, रोजची रोकड, रात्री उशिरा घरी येणं. पॉइंट बत्तीसचा परवाना बऱ्याच प्रतीक्षेनंतर हातात पडलेला. त्यांचं म्हणणं सरळ होतं : "नवं कानपुरी, सरकारी कारखान्यातलं, घेतलं तरी कर धरून लाखाच्या वर जातंच. त्यात थोडे घालून विलायती मिळत असेल तर का सोडायचं?" थोडे म्हणजे किती, हे त्यांनी बोलता बोलता गिळलं.

माझं आयुष्य मालनपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये गेलं. नेमबाजीचा नाद क्लबात लागला तो वेगळाच. अशा वेळी नात्यातल्यांना माझी आठवण होते ती मोजायची हत्यारं माझ्याकडे असतात म्हणून. दाजींना मी एवढंच म्हटलं, की इसार द्यायच्या आधी ते टेबलावर उघडून बघू द्या.

भाव येतो कुठून

अमेरिकेत हे मॉडेल जुन्या बाजारात काहीशे डॉलरला मिळतं. १९७६ साली त्याचं उत्पादन थांबलं, पण तिकडे ते दुर्मीळ नाही. इथे त्याचे लाख होतात, कारण १९८०च्या दशकाच्या मध्यावर खासगी परवानाधारकांसाठी रिव्हॉल्वर-पिस्तुलांची आयात बंद झाली. त्याआधी देशात जे आलं तेवढंच आजतागायत हात बदलत फिरतंय. नवीन येत नाही, जुन्यातलं काही दरवर्षी गंजतं, काही सरकारजमा होतं. साडेचार लाखांतला मोठा वाटा या बंद दरवाजाचा आहे, पोलादाचा नव्हे. उद्या कुणी तो दरवाजा किलकिला केला तर हा वाटा रातोरात हवेत जाईल. हत्याराला सोन्यासारखी गुंतवणूक म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवतो.

बोअरचाही प्रश्न असतो. पॉइंट अडतीस, पॉइंट चारशे पंचावन्न आणि नऊ मिलिमीटर ही निषिद्ध बोअर, साध्या परवान्यावर मिळत नाहीत. त्यामुळे सामान्य माणसाचं घोडं पॉइंट बत्तीसवर येऊन थांबतं. स्मिथ अँड वेसन आपल्या सांगाड्यांना अक्षरं देते : मोठा एन, मधला के, आणि खिशात मावणारा जे. १९५०चं प्रसिद्ध चीफ्स स्पेशल जे सांगाड्यावरचंच, पण ते पॉइंट अडतीसचं आणि पाच गोळ्यांचं. बत्तीसचं काडतूस बारीक असल्यामुळे तेवढ्याच घेराच्या चकरीत, म्हणजे गोळ्यांची घरं असलेल्या फिरत्या सिलिंडरमध्ये, सहा बसतात. दाजींसमोर होतं ते हेच.

काडतूस कुठलं, हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात. तो पहिला असायला हवा. बत्तीस लाँगचं काडतूस पुण्याजवळ खडकीला बनतं, आणि कानपूरचं रिव्हॉल्वरही तेच खातं. याउलट आजोबांच्या काळची पाच गोळ्यांची आयव्हर जॉन्सन किंवा हॅरिंग्टन अँड रिचर्डसन स्वस्तात दाखवतात, त्यातली पुष्कळशी बत्तीस शॉर्टची. शॉर्ट काडतूस लाँगच्या घरात बसतं, लाँग मात्र शॉर्टच्या घरात जात नाही. परवान्यावर दोन्हींपुढे नुसतं 'पॉइंट ३२' लिहिलेलं असतं. घेणारा घरी येतो, खडकीचं काडतूस घालून बघतो, आणि ते अर्ध्यावर अडतं.

कायद्यातले आणि करातले बदलही भावात शिरतात. २०१९च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली. माझ्या ओळखीतल्यांनी तेव्हा दुनाळ्या सोडल्या, रिव्हॉल्वर कुणी सोडलं नाही. मग सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्वर-पिस्तुलांवरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. नवं महाग झालं की जुनं आपोआप वर सरकतं, शिवाय घरगुती विक्रीत हा कर लागत नाही. दुकानदाराने ही गोष्ट दाजींना तीनदा सांगितली होती. ती खरीच होती.

आणि शेवटी आमचा मुलूख. ग्वाल्हेर-चंबळमध्ये खांद्यावर बंदूक असणं ही घरंदाजपणाची खूण. शेजारच्या शिवपुरीत २००८ साली नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना निघाली होती, यावरून ओढ किती ते कळावं. अशा बाजारात 'विलायती' हा शब्द उच्चारला की बोलणी निम्मी संपतात. दुकानदार अमेरिकेच्या मालालाही विलायतीच म्हणतो. "साहब, कंपनी का माल है, विलायती," एवढं म्हणून तो गप्प बसला.

टेबलावर

तपासणी दुकानातच. तसं करण्याला कारण आहे : परवाना नावावर चढलेला नसताना हत्यार बाहेर नेता येत नाही, आणि दुरुस्ती करायची तरी तीही परवानाधारक दुकानातच. दुकानाचे मिस्त्री टेकनपूरच्या बीएसएफच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे कारागीर. पगार दुकानदाराचा, त्यामुळे त्यांच्याकडून मताची अपेक्षा मी ठेवली नव्हती. त्यांनी चकरी बाहेर काढली, सहाही घरं रिकामी असल्याचं मला दाखवलं, मी स्वतः बोट घालून पाहिलं, मग पुढचं.

पहिल्या नजरेला वस्तू देखणी. निळसर काळी, आरशासारखी. साठ वर्षांच्या रिव्हॉल्वरवर इतकं तेज दिसलं की माझं मन आधी शंका घेतं. साठ वर्षं हे मी अंदाजाने म्हटलं नाही. चकरी सोडवायचा अंगठ्याचा खटका चपटा होता, आणि असा खटका १९६६नंतर आला नाही. मॉडेल ३०-१ हा शिक्का साठच्या दशकाच्या सुरुवातीचा. म्हणजे वय त्याच पाच-सहा वर्षांत बसतं.

त्या काळच्या स्मिथ अँड वेसनचा घोडा आणि चाप कधी काळे नसत. त्यांच्यावर कठीण केलेल्या पोलादाचे रंगीत ढग असत, तपकिरी, निळे, राखाडी. इथे घोडाही काळा, चापही काळा. कारखान्यातून असं निघालेलंच नाही. कुणीतरी सगळे भाग सुटे करून एकाच टाकीत बुडवले होते. मग बाकीचे पुरावे आपोआप दिसू लागले. झाकणपट्टीच्या स्क्रूंच्या भोकांच्या कडा बशीसारख्या आत वळलेल्या, कारण पॉलिशच्या चाकाने मऊ कडा खाल्ल्या. नळीवरची कंपनीची अक्षरं मध्ये ठसठशीत, टोकांना पुसट. आणि उजव्या बाजूला चकरीच्या मागे, सगळ्या तेजाखाली, सुईच्या टोकाएवढे खड्डे. गंज होता, तो घासून काढला, वरून रंग चढवला.

गंज उजव्या बाजूलाच का? चामड्याच्या होल्स्टरमुळे. कमावलेल्या कातड्यात क्षार असतात, ते ओलावा धरतात. आचारसंहिता लागली की आमच्याकडे परवान्याची हत्यारं जमा होतात. २०२३ची विधानसभा, २०२४ची लोकसभा, त्याआधी पंचायती नि पालिका. होल्स्टरसकट कपाटात आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की टेकलेली बाजू खराब होते. चामडं मिरवायला ठीक, ठेवायला सुती फडकं आणि तेल.

काळा रंग नव्याने चढवला म्हणून हत्यार वाईट होत नाही, हे दाजींना समजवायला वेळ लागला. गोळी त्याने वाकडी जात नाही. बदलतं ते एवढंच, की 'मूळ अवस्थेतलं जुनं' म्हणून वेगळे पैसे मागायचा हक्क संपतो. साडेचार लाखांत ते पैसे धरलेले होते.

घोड्याच्या फटीत लाल काहीतरी चिकटलं होतं. काडीने उकरलं तर तेलात घट्ट झालेलं कुंकू. खंडेनवमीची शस्त्रपूजा, वर्षानुवर्षांची. पुण्याहून फोनवर असलेला मुलगा म्हणाला, "काका, बाबांनी ते कधी चालवलंच नाही हो. दसऱ्याला काढायचे, पूजा करायचे, परत ठेवायचे." मला ते पटलं. नळी आत लखलखीत होती, आटे धारदार, कुठे काळी वर्तुळाकार सावली नाही, म्हणजे नळी कधी फुगलेली नाही. पण न चालवलेलं म्हणजे न झिजलेलं, असं नसतं. पूजेच्या दिवशी घरातल्या पोरांच्या हाती ते पडतं, आणि प्रत्येक पोर सिनेमात पाहिल्यासारखं मनगटाला झटका देऊन चकरी खटकन बंद करतं. चकरी ज्या बिजागरीवर बाहेर येते तो तुकडा, ज्याला क्रेन म्हणतात, अशा झटक्यांनीच मरतो.

तेच मोजायचं होतं. चकरीचं पुढचं तोंड आणि नळीचं मागचं तोंड यांच्यात एक बारीक फट असते. ती चार ते दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण एक दशांश ते पाव मिलिमीटर, असली तर ठीक. घट्ट असेल तर काजळीने चकरी अडते. सैल असेल तर बाजूने ज्वाळा आणि शिशाचे कण उडतात. पण फट एकदा मोजून भागत नाही. चकरी मागे रेटून मोजायची, मग पुढे रेटून. दोन मापांतला फरक म्हणजे चकरीची पुढे-मागे होणारी ढिलाई. मागे रेटून गेजची दहा थाऊची पात गेली. पुढे रेटून चारचीच गेली. सहा थाऊचा खेळ. चांगल्या रिव्हॉल्वरमध्ये हा एक-दोन असतो, तीनच्या पुढे मी नाक मुरडतो. मिस्त्रींनी माझ्याकडून गेज मागून घेतली, स्वतः पुन्हा मोजलं, आणि एक शब्द न बोलता परत दिली.

नंतर टायमिंग, म्हणजे चकरीचं घर वेळेवर नळीसमोर येऊन अडकतं का ते. दुकानात बहुतेक लोक चाप भराभर ओढतात, चकरी गरागरा फिरते, छान वाटतं. वेगात चकरीला स्वतःची गती मिळते आणि ती झेप घेऊन खाचेत बसते. दोष झाकला जातो. म्हणून घोडा अंगठ्याने अगदी हळू मागे घ्यायचा, दुसऱ्या हाताचं बोट चकरीला हलकं टेकवून तिला किंचित अडवायचं. घोडा मागे अडकण्याच्या आधी खालची खुंटी चकरीच्या खाचेत 'टिक्' बसली पाहिजे. प्रत्येक घराशी पेन्सिलची खूण करून आम्ही एकेक तपासलं. चार घरं बरोबर. दोन उशिरा : घोडा अडकला, खुंटी अजून खाचेच्या अलीकडे. चकरी फिरवणारा आतला पंजा किंवा मागची दातेरी चकती झिजली की असं होतं. अशा क्षणी बार उडाला तर गोळी नळीच्या बरोबर मध्यावर येत नाही, कडेला घासून शिरते. नळीच्या मागच्या तोंडाशी टॉर्च धरली तर एका बाजूला शिशाचा फिकट राखाडी लेप होता. म्हणजे थोडंफार चालवलं होतं खरं, वडिलांनी नाही तर आणखी कुणी. मुलाला मी हे सांगितलं नाही. सांगून भाव बदलणार नव्हता.

बाकीच्या चाचण्या चांगल्या निघाल्या. घोडा पूर्ण मागे ओढून अंगठ्याने पुढे ढकलला, निसटला नाही. ही सुरक्षिततेची चाचणी आहे, इथे नापास झालेलं हत्यार मी फुकटही घेऊ देत नाही. चाप दाबून धरून चकरी डावी-उजवी हलवली, नखाएवढी हलली, चालण्यासारखं. नळीच्या मागच्या तोंडाला तडा नाही. घरांत शॉर्ट काडतुसांनी पडणारं कडं नाही. काडतुसं बाहेर ढकलणारी दांडी सरळ आणि घट्ट. झाकणपट्टीची शिवण बंद, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटल्याच्या खुणा नाहीत. काळं करणाऱ्याने निदान पट्टी तरी नीट उघडली होती.

नंबर

इथपर्यंत हा नेहमीचा मामला होता : रंग नवा, यंत्र दुरुस्तीला आलेलं, नाव मोठं. थोडी घासाघीस करून संपला असता. अडकलं ते मुठीखाली.

मूठ कारखान्याची नव्हती. हाताला भरीव लागावी म्हणून देशी कारागिराकडून करून घेतलेली शिसवी मूठ, सुरेख, पण सांगाड्याचा तळ पूर्ण झाकणारी. स्मिथ अँड वेसनचा खरा अनुक्रमांक त्या तळावरच असतो. चकरी बाहेर काढल्यावर क्रेनच्या खोबणीत जे आकडे दिसतात, त्यांत एक मॉडेलचा शिक्का आणि दुसरा जुळणीचा नंबर. जुळणीचा नंबर कारखान्याच्या आतल्या कामाचा : घासून बसवलेले भाग रंगकाम करून परत आले की कुठली क्रेन कुठल्या सांगाड्याची, हे कळावं म्हणून. बाहेरच्या जगात त्याला किंमत नाही. एका गोष्टीपुरता तो माझ्या कामी आला. खोबणीतला आणि क्रेनवरचा जुळणीचा नंबर एकच निघाला, म्हणजे क्रेन मूळचीच.

मिस्त्रींनी मुठीचा स्क्रू सोडला. तळावर सहा आकडी अंक, पॉलिश होऊनही स्वच्छ वाचता येणारा. मी परवान्याची झेरॉक्स पुढे घेतली. त्यावर पाच आकडी. क्रेनच्या खोबणीतला.

झालं काय असणार, ते उघड होतं. कधीकाळी हत्यार नावावर चढवताना कुणीतरी नंबर शोधला, तळ मुठीने झाकलेला, चकरी उघडल्यावर ठळक आकडे दिसले, तेच लिहून घेतले. पुढच्या प्रत्येक नूतनीकरणात तोच आकडा उतरत गेला. दुकानाच्या रजिस्टरात जमा करतानाही तोच. प्रत्येकाने हत्याराकडे न बघता आधीच्या कागदाकडे बघितलं.

खरेदीदाराच्या दृष्टीने हा सगळ्यात महागडा दोष. सहा थाऊची ढिलाई मिस्त्री काढतील. पण ज्या अनुक्रमांकाचं हत्यार परवान्यावर नाही, ते कायद्याच्या नजरेत विनापरवाना. उद्या ठाण्यात जमा करताना एखाद्या चौकस हवालदाराने मूठ सोडायला लावली, की प्रश्न दाजींना विचारले जाणार, पुण्यातल्या मुलाला नाही. शिवाय आठव्या कलमाप्रमाणे ओळखखूण नसलेलं किंवा खोडलेलं हत्यार विकताच येत नाही. पॉलिशवाल्याने चाक आणखी थोडं दाबलं असतं आणि तळावरचा नंबर गेला असता, तर या रिव्हॉल्वरची किंमत शून्य. अक्षरशः शून्य, फुकट दिलं तरी घेता येणार नाही असं.

दुकानदार चपापला, पण लगेच सावरला. "ये तो कागज़ की बात है, हो जाएगा." होईल, पण कोण करणार आणि कधी? दाजींना वाटत होतं की आधी व्यवहार उरकून घ्यावा, नंबर पुढे बघू. परवान्यावर हत्यार घेण्याची मुदत त्यांनाही चावत होती. इथे मात्र मी ठाम होतो. दुरुस्ती विकणाऱ्याने करून द्यायची, शस्त्र शाखेच्या नोंदीत खरा नंबर चढल्यावरच पैसे. एकदा चुकीचा नंबर आपल्या परवान्यावर घेतला की ती चूक आपली.

मुलाने मनावर घेतलं, हे त्याचं कौतुक. गोठीतलं घर विकायच्या आवराआवरीत त्याला कपाटाच्या खणात जुन्या आक्रोडी मुठीची जोडी सापडली, स्क्रूभोवती बर्फीच्या आकाराचं चौकट असलेली; तसं चौकट १९६८पर्यंतच येत असे. उजव्या पाखीच्या आत तोच सहा आकडी नंबर उमटलेला. मूठ आणि तळ दोन्ही एकच सांगतात, हा पुरावा अर्जाला जोडला. सोबत दुकानदाराचं लेखी, की जमा केलेलं हत्यार हेच.

आकडा

पुस्तकातून काढावा असा भाव आपल्याकडे नाही. दुकानदार सांगतो ती मागणी. लोक सांगतात ती बढाई. माझी रीत साधी आहे. खाली एक पायरी धरायची : नव्या कानपुरी रिव्हॉल्वरची करासकट किंमत. त्याच्याही खाली कुणी जुनं विलायती देत असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय समजायचं. वरची पायरी : याच जातीचं, मूळ रंगातलं, कागद स्वच्छ असलेलं हत्यार अलीकडे शहरात ज्याने खरंच पैसे मोजून घेतलं, त्याने दिलेली रक्कम. दाजींच्या ओळखीत असं एक गिऱ्हाईक होतं. चार लाखांच्या थोडं आत. म्हणजे साडेचार ही मागणी निर्दोष वस्तूलाही जास्तच होती.

त्या चारातून कशाचे किती वजा करायचे, यावर दाजींचं नि माझं बराच वेळ चाललं. ते यंत्रातल्या दोषाचे जास्त धरत होते, मी कमी. चकरीच्या नळकांड्यावर पातळ वॉशर बसवून ढिलाई काढणं आणि पंज्याला नवं टोक देणं हे मुरलेल्या आर्मररचं काम आहे, पण काम आहे, होतं. खर्च काही हजारांचा. रंगाचे मात्र मी भरपूर कापले, कारण तो दोष कधीच परत फिरत नाही. उद्या दाजी विकायला निघाले तर पुढचा जाणकारही काळा घोडा बघून तेवढेच कापणार. मूळ मूठ सापडली, त्याचे थोडे परत जोडले. नंबरचे पैसे मी कापले नाहीत. तो दुरुस्त झाला तर दोष उरत नाही, न झाला तर सौदाच नाही. मधला भाव त्याला नसतो.

आम्ही अडीच म्हटलं. दुकानदार हसला. पोलिसात किंवा दुकानात जमा पडलेलं हत्यार विहित मुदतीत सोडवलं किंवा विकलं नाही तर ते सरकारजमा होऊ शकतं, आणि तोवर ठेवणावळ चढत राहते. हे त्याला माहीत, मला माहीत, बहुधा मुलालाही माहीत. दाजींनी सुचवलं, "थांबू या थोडं, खाली येतील." आले असते कदाचित. पण मुलगा नंबरसाठी रजा टाकून पुण्याहून येऊन गेला होता, आणि त्याने केलेल्या त्या खेपेमुळेच हत्याराला पुन्हा किंमत आली होती. घड्याळ दाखवून त्याच्याकडून आणखी पन्नास हजार काढणं मला बरं दिसलं नाही, आणि ते मी दाजींना सांगितलं. त्यांना फारसं आवडलं नाही.

एक गोष्ट मी लेखी घ्यायला लावली : ढिलाई आणि टायमिंगची दुरुस्ती दुकानानेच, विकण्याआधी, आणि दुरुस्तीनंतर मी पुन्हा मोजणार. चालवून बघायचा आग्रह धरला नाही. "चला साहब, खेत में दो फायर करके देख लेते हैं," अशी सूचना दुकानातल्या एका पोराने केली होती. आमच्या भागात हे सर्रास चालतं. लग्नात तर हवेत बार निघतातच. २०१९च्या दुरुस्तीपासून असल्या बेपर्वा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, आणि ज्याचा परवाना अजून कोरा आहे त्याने दुसऱ्याच्या हत्याराने शेतात बार काढणं म्हणजे आपल्या पायावर धोंडा. रिकाम्या रिव्हॉल्वरवर गेज, टॉर्च आणि सावकाश अंगठा यांनी जेवढं कळतं, तेवढ्यावर मी निर्णय घेतो.

शस्त्र शाखेच्या नोंदीत खरा नंबर चढला. वारसाने विकण्याची परवानगी निघाली. मिस्त्रींनी वॉशर बसवले, पंजाचं टोक भरून घासून बसवलं. मी पुन्हा मोजलं तेव्हा मागे रेटून पूर्वीसारखीच दहाची पात गेली, पुढे रेटून आता नऊची, आणि सहाही घरांची खुंटी घोडा अडकण्याआधी बसत होती. दोन लाख पंच्याऐंशी हजारांवर ठरलं, बँकेतून बँकेत, वारसाच्या खात्यावर. दुकानदाराची दलाली त्याने त्यातून दिली. आक्रोडी मूठ परत चढवली, त्यामुळे तळावरचा नंबर आता मूठ न सोडता वाचता येतो. परवान्यावर तो चढवताना लिपिकाने सवयीने जुन्या कागदावर बोट ठेवलं, तेव्हा दाजींनीच चकरीकडचा आकडा नको, तळाकडचा बघा, असं सांगून रिव्हॉल्वर उलटं करून त्याच्यासमोर धरलं.